वाघूरकाठचे धुणे : सार्वजनिक धुण्याच्या जागा, स्त्रीश्रम आणि नागरी वारसा

सारांश

नदीचा घाट, तलावाचा काठ, विहिरीजवळचा धोंडा आणि शहरातील धोबीघाट ही भारतीय समाजातील सार्वजनिक श्रमाची जुनी ठिकाणे होत. वारसाविषयक लेखनात घाटाची नोंद प्रामुख्याने धार्मिक वास्तू म्हणून होते, तर धोबीघाटाची नोंद प्रेक्षणीय स्थळ म्हणून होते. या दोन्ही नोंदींत तेथे घडणारे स्त्रियांचे काम क्वचितच येते. प्रस्तुत लेखात खानदेशातील नदीकाठ आणि मुंबईतील धोबीघाट या दोन उदाहरणांच्या आधारे हे काम नोंदींबाहेर का राहिले, धुण्याची जागा बदलल्यावर त्या श्रमाचे काय झाले आणि वारशाच्या संकल्पनेत त्याला कोणते स्थान असावे, या प्रश्नांचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : पाणवठा, धोबीघाट, परीट, स्त्रीश्रम, नागरी वारसा, खानदेश

प्रस्तावना

अजिंठ्याची लेणी ज्या नालाकृती दरीच्या कड्यात कोरलेली आहेत, ती दरी वाघूर नदीची आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडली. १८४४ पासून रॉबर्ट गिल याने तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यास प्रारंभ केला आणि १९८३ मध्ये युनेस्कोने या लेण्यांचा समावेश जागतिक वारसा यादीत केला. हीच वाघूर पुढे उत्तरेकडे वाहत जामनेर तालुक्यातील पहूर येथून जाते व शेवटी तापीस मिळते. उगमाजवळ नदीकाठच्या दगडाचे मोजमाप झाले, रेखाटन झाले, त्यावर ग्रंथ लिहिले गेले. काही कोस खाली त्याच नदीकाठी ज्या दगडांवर पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांनी कपडे धुतले, त्या दगडांना इतिहासाच्या साधनांत जागा मिळाली नाही.

पहूरच्या दोन ग्रामपंचायतींची नावे पहूर पेठ आणि पहूर कसबे अशी आहेत. ‘कसबा’ म्हणजे परगण्यातील बाजाराचे व कारभाराचे ठिकाण, तर ‘पेठ’ म्हणजे व्यापारी वस्ती. जळगाव–अजिंठा मार्गावरील हे गाव पाचोरा–जामनेर अरुंदमापी रेल्वेमार्गावरील स्थानकही होते. त्यामुळे नागरी वारशाचा विचार केवळ मुंबई-पुण्यापुरता मर्यादित न ठेवता अशा कसब्यांपर्यंत नेणे आवश्यक ठरते. बाजार, वेस, मंदिर, मशीद, वाडा हे कसब्याचे ठळक अवयव मानले जातात. पाणवठा हाही तितकाच महत्त्वाचा अवयव होता, कारण त्याच्याशिवाय वस्तीचा एकही दिवस सरत नसे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) सार्वजनिक धुण्याच्या जागांची सामाजिक रचना समजून घेणे.
२) या जागांवरील स्त्रियांच्या घरगुती व व्यावसायिक श्रमाचे स्वरूप स्पष्ट करणे.
३) धुण्याची जागा बदलल्यामुळे श्रमविभागणीत झालेल्या बदलांचा आढावा घेणे.
४) वारसाजतनाच्या प्रचलित दृष्टिकोनाची या संदर्भात चिकित्सा करणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो प्रकाशित साधनांवर आधारित आहे. खानदेश व मुंबई यांच्या विवेचनास पूरक म्हणून इंग्लंड, फ्रान्स आणि अमेरिका येथील काही दाखले घेतले आहेत.

१. पाणवठा : जागा आणि उतरंड

खानदेशातील बहुतेक नद्या हंगामी आहेत. पावसाळ्यात गढूळ पुराचे पाणी, हिवाळ्यात संथ प्रवाह आणि उन्हाळ्यात पात्रात उरलेले डोह किंवा वाळूत खणलेले झिरे, असे पाण्याचे रूप वर्षभर पालटत राहते. त्यानुसार धुण्याची जागाही सरकत असे. गावनकाशावर नदीपात्राची रेषा दिसते, परंतु कोणत्या महिन्यात कोणत्या डोहावर धुणे होते ही माहिती कागदावर नव्हती. ती स्त्रियांच्या अनुभवात होती. कोणता धोंडा घासून गुळगुळीत झाला आहे, कोणत्या जागी पाय घसरतो, पूर ओसरल्यावर किती दिवसांनी पाणी निवळते, जाड गोधडी कोणत्या वेळी वाळत घातली म्हणजे सूर्यास्तापूर्वी घरी नेता येते, हे सारे ज्ञान आईकडून मुलीकडे व सासूकडून सुनेकडे जात असे.

धुण्याची साधनेही परिसरातूनच येत. राख, रिठा, शिकेकाई, खारी माती यांचा वापर होई. मळ सैल करण्यासाठी कपडे भिजत घालणे, धोपाटण्याने बडवणे, आपटणे, पिळणे आणि काठावर वाळवणे हा क्रम सर्वत्र सारखा होता. ओले कपडे कोरड्यांपेक्षा कितीतरी जड होतात, ही साधी गोष्ट श्रमाचे मोजमाप करताना विसरता येत नाही. जाताना डोक्यावर असलेला भार येताना वाढलेला असे आणि वाट नदीकडून गावाकडे चढाची असे. उकिडवे बसून केलेले हे काम पाठ, गुडघे व हातांच्या त्वचेवर परिणाम करी.

पाणवठ्याला ‘सार्वजनिक’ म्हणताना मात्र सावधगिरी बाळगली पाहिजे. प्रवाहाच्या वरच्या अंगाला पिण्याचे पाणी, त्याखाली धुणे, त्याखाली गुरे, अशी विभागणी उपयोगाच्या दृष्टीने समर्थनीय वाटते. तथापि तिच्यावर जातीची उतरंड चढवलेली होती. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांना सर्वांत खालच्या अंगाचे पाणी वापरावे लागे, अथवा पाणवठा पूर्णपणे बंद असे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांनी मांडलेला सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव संमत झाला. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. म्हणून जुन्या पाणवठ्याचे वर्णन ‘गावाच्या एकोप्याचे प्रतीक’ असे करणे इतिहासाला धरून होणार नाही. स्त्रियांना तेथे घराबाहेर बोलण्याची, सुखदुःख सांगण्याची जागा मिळत होती हे खरे, परंतु कोणाशेजारी बसून बोलायचे हे जातीने आधीच ठरवलेले होते.

२. परीट आणि परटीण

धुण्याचे काम दोन प्रकारचे होते. पहिला प्रकार घरच्या कपड्यांचा. हे काम घरातील स्त्रीचे कर्तव्य समजले जाई आणि त्यास मोल नव्हते. दुसरा प्रकार व्यवसायाचा. तो परीट, धोबी किंवा विदर्भात वरठी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समाजाकडे होता. बारा बलुतेदारांत परिटाचा समावेश होतो. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीचे विस्तृत विवेचन आलेले असून परिटाचे काम व हक्क समजून घेण्यास तो आजही उपयुक्त आहे. कपडे धुण्याखेरीज मंगलकार्यात पायघड्या घालण्याचा मानही परिटाकडे असे.

बलुते घराच्या कर्त्या पुरुषाच्या नावे मिळे. प्रत्यक्ष काम मात्र कुटुंबाचे होते. घरोघर जाऊन कपडे गोळा करणे, त्यांची वर्गवारी करणे, भट्टी लावणे, वाळवणे, घड्या घालणे आणि पुन्हा घरोघरी पोहोचवणे यांत परटिणीचा वाटा मोठा होता. सोयर, सुतक व बाळंतपणाचे कपडे ज्या समाजव्यवस्थेत अशुद्ध मानले जात, त्या व्यवस्थेत ते स्वच्छ करणाऱ्या हातांनाही तोच डाग चिकटत असे. दुसऱ्याची अशुद्धी दूर करणाऱ्यास खालचे स्थान देणारी ही रीत परीट समाजातील स्त्रीला दुहेरी बाधक ठरली. जातीमुळे तिचे काम हलके मानले गेले आणि स्त्री म्हणून ते नवऱ्याच्या नावाखाली झाकले गेले.

या व्यवसायाचे स्वतःचे तंत्रज्ञान होते. बिब्ब्याच्या रसाने कपड्यावर केलेली खूण धुण्याने जात नाही. या गुणाचा उपयोग करून परीट कोणता कपडा कोणाचा हे ओळखत असत. इंग्रजांनीही बिब्ब्याला ‘खुणेचे फळ’ या अर्थाचे नाव दिले ते याच उपयोगावरून. अक्षरओळख नसलेल्या माणसांनी शेकडो कपड्यांचा हिशेब चुकू न देता ठेवणे, हे एक प्रकारचे लेखनच होते.

परीट समाजात २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेल्या डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांनी, म्हणजेच संत गाडगेबाबांनी, स्वच्छतेचे काम हलके असते ही समजूत कीर्तन आणि खराटा या दोहोंनी खोडून काढली. त्यांच्या नावाने महाराष्ट्र शासनाने २००० मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. गावे स्वच्छ झाली, सन्मानचिन्हे मिळाली. परंतु पिढ्यान्‌पिढ्या गावाची स्वच्छता ज्या घाटावर घडत होती, त्या घाटाच्या नोंदीचा विषय अशा उपक्रमांच्या कक्षेत आला नाही.

३. धोबी तलाव ते महालक्ष्मी

गावगाड्यातील हा व्यवसाय शहरात कसा रूपांतरित झाला, याचे उत्तम उदाहरण मुंबई होय. मुंबईतील ‘धोबी तलाव’ हे नाव धोबी जेथे कपडे धूत, त्या तलावावरून पडले. तलाव पुढे बुजवला गेला आणि केवळ नाव उरले. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी शहरात आल्यानंतर शहरातील जुन्या तलावांकडे पाण्याचा साठा म्हणून पाहण्याऐवजी रोगराईचे स्थान म्हणून पाहण्याची दृष्टी बळावली. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमात धोब्यांनी व्यवसायासाठी कपडे कोठे धुवावेत याचे नियमन करण्याचे अधिकार आयुक्तांना देण्यात आले. कायद्याची दृष्टी व्यवसायावर होती. घरच्या कपड्यांचे धुणे हे ‘काम’ या सदरात येत नसल्याने त्याची सोय करण्याचे उत्तरदायित्वही कोणावर येत नव्हते.

१८९० च्या सुमारास उभारलेला महालक्ष्मी येथील धोबीघाट हा याच धोरणाचा परिपाक म्हणता येईल. रेल्वे स्थानकालगतच्या या उघड्या घाटावर सिमेंटच्या हौदांच्या रांगा असून प्रत्येक हौदाशी कपडे आपटण्याचा दगड आहे. हौदांची संख्या सातशेहून अधिक सांगितली जाते. रुग्णालये, उपाहारगृहे, वसतिगृहे, तयार कपड्यांचे कारखाने यांचे कपडे येथे येत आले आहेत. २०११ मध्ये एका ठिकाणी हाताने कपडे धुणाऱ्यांच्या संख्येच्या विक्रमाबद्दल या घाटाची गिनीज बुकात नोंद झाली. त्याच वर्षी ‘धोबी घाट’ याच नावाचा किरण राव दिग्दर्शित चित्रपट प्रदर्शित झाला. पुलावरून छायाचित्रे घेणारे पर्यटक हे या परिसरातील नेहमीचे दृश्य झाले.

पुलावरून प्रामुख्याने हौदात उभे असलेले पुरुष दिसतात. कपड्यांची निवड, वाळवण, घडी, इस्तरी ही कामे तसेच घाटालगतच्या खोल्यांतील संसार यांतील स्त्रियांचा सहभाग त्या चौकटीत सहसा येत नाही. ग्रामीण बलुतेदारीत जे घडले, त्याचीच ही शहरी आवृत्ती होय. ‘धोबी’ हा शब्द पुल्लिंगी राहिला आणि कुटुंबाचे श्रम त्यात सामावून गेले.

४. तुलनेसाठी युरोप व अमेरिका

युरोपात सार्वजनिक धुलाईगृहांचा इतिहास स्त्रियांच्या नावाने सुरू होतो. १८३२ च्या पटकीच्या साथीत लिव्हरपूल येथील किटी विल्किन्सन या कष्टकरी स्त्रीने आपल्या घरातील गरम पाण्याचे भांडे शेजाऱ्यांना कपडे धुण्यासाठी खुले केले. १८४२ मध्ये त्या शहरात सार्वजनिक स्नानगृह व धुलाईगृह सुरू झाले आणि १८४६ मध्ये ब्रिटिश संसदेने अशा गृहांसाठी कायदा केला. फ्रान्समध्ये १८५१ च्या कायद्याने नगरपालिकांना धुलाईगृहांसाठी अनुदान दिले. तेथील अनेक खेड्यांतील दगडी धुलाईगृहे आज स्थानिक वारसा म्हणून जपली जातात. अमेरिकेतील अटलांटा शहरात १८८१ मध्ये कृष्णवर्णीय धोबिणींनी दरवाढीसाठी संप केला. आरंभी मोजक्या असलेल्या संपकरी स्त्रियांची संख्या काही आठवड्यांतच हजारोंवर गेली.

या दाखल्यांतून एक फरक स्पष्ट होतो. त्या देशांत घरगुती धुणे हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न मानून त्यासाठी सार्वजनिक खर्च झाला. त्याच काळात मुंबईत खर्च झाला तो जातिनिष्ठ व्यवसायाला एका जागी आणण्यासाठी. कष्टकरी स्त्रीच्या घरच्या धुण्यासाठी काय करावे, हा प्रश्न नगररचनेने स्वतंत्रपणे विचारला नाही. चाळीतील सामाईक नळ व मोरी हेच त्याचे उत्तर ठरले.

५. जागा बदलली, काम उरले

कपडे धुण्याचा साबण भारतात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येऊ लागला. ‘सनलाइट’ साबण १८८८ मध्ये कोलकात्यास पोहोचला. १९५९ मध्ये ‘सर्फ’ आणि १९६९ मध्ये करसनभाई पटेल यांनी अहमदाबादेत सुरू केलेली ‘निरमा’ ही धुण्याची पूड बाजारात आली. स्वस्त पुडीमुळे धोपाटण्याचे काम हलके झाले. नळयोजना, कूपनलिका आणि धरणे यांमुळे धुणे हळूहळू नदीवरून घराच्या मोरीत आले. वाघूर धरणाचे पाणी आज जळगाव शहराची तहान भागवते. वरच्या अंगाला मात्र नदी वर्षातील बराच काळ कोरडी असते.

नदीची वाट सुटली हा स्त्रियांचा लाभच आहे, याविषयी दुमत नसावे. तथापि वाट सुटली म्हणून काम सुटले नाही. केंद्र शासनाच्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार २०१९ मध्ये घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर अशी कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे देत होते. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ असे आले. म्हणजे पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटे वाचली आणि पुरुषांनीही आपली नऊ मिनिटे कमी केली. दोघांमधील अंतर जवळजवळ तेवढेच राहिले.

ज्या घरांना परवडले, त्यांनी हे काम दुसऱ्या स्त्रीकडे सोपवले. ‘धुणीभांडी’ हा शब्द शहरी मराठीत एका व्यवसायाचे नाव बनला. या स्त्रिया एका घाटावर एकत्र येत नाहीत. प्रत्येकी चार-पाच घरांच्या बंद दारांआड त्यांचे काम चालते. सामूहिक जागा गेल्याने सामूहिक आवाजही क्षीण होण्याची शक्यता होती. अशा स्थितीत १९८० मध्ये पुण्यातील घरकामगार स्त्रियांनी केलेला संप आणि त्यातून उभी राहिलेली मोलकरीण संघटना हे अपवादात्मक महत्त्वाचे घटित ठरते. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा अधिनियम मात्र २००८ मध्ये झाला. रस्त्यावरील मागणी आणि कायदा यांच्यामध्ये सुमारे अठ्ठावीस वर्षे गेली.

६. वारसा कशास म्हणावे?

१९५८ चा केंद्रीय आणि १९६० चा महाराष्ट्राचा प्राचीन स्मारकविषयक कायदा प्रामुख्याने वास्तू व अवशेष यांचे रक्षण करतो. बृहन्मुंबईसाठी १९९५ मध्ये लागू झालेल्या वारसा नियमावलीने इमारतींबरोबर परिसरांचाही विचार केला, हे महत्त्वाचे पाऊल होते. युनेस्कोच्या २००३ च्या अमूर्त सांस्कृतिक वारसा करारास भारताने २००५ मध्ये मान्यता दिली. त्यामुळे कौशल्ये, रीती आणि मौखिक परंपरा यांनाही वारशाची मान्यता मिळाली. मात्र व्यवहारात गीत, नृत्य, उत्सव आणि हस्तकला यांकडे लक्ष अधिक जाते.

खानदेशात प्रकाशे, चांगदेव यांसारख्या तीर्थांचे घाट पर्वकाळातील स्नानासाठी ओळखले जातात. पर्वणी वर्षातून मोजक्या दिवशी येते. धुणे रोज होते. एकाच पायरीचा पर्वणीचा उपयोग नोंदला जातो आणि रोजचा उपयोग नोंदला जात नाही, तेव्हा निवड पायरीची झालेली नसून कामाची झालेली असते.

यावर उपाय म्हणून कोरड्या पात्रातील दगडांना कुंपण घालावे, असे मात्र सुचवता येणार नाही. महालक्ष्मीसारख्या चालू घाटाबाबत तर हे अधिक खरे आहे. तेथील वारसा म्हणजे हौद, पाणी, वाळवणाची जागा आणि त्यावर जगणारी कुटुंबे या सर्वांची मिळून बनलेली व्यवस्था होय. कुटुंबांना हलवून हौद राखले तर उरेल ते केवळ बांधकाम. त्याचप्रमाणे हाताने कपडे आपटण्याचे काम ‘परंपरा’ म्हणून कायम ठेवावे, हा आग्रहही अन्यायाचा ठरेल. यंत्रे, स्वच्छ पाणी आणि सांडपाण्याची व्यवस्था मागणाऱ्या धोब्यास किंवा परटिणीस वारशाच्या नावाखाली नकार देता येत नाही.

निष्कर्ष

१) सार्वजनिक धुण्याच्या जागा या कसब्याच्या व शहराच्या रचनेतील मूलभूत जागा होत्या. त्या धार्मिक घाटांच्या किंवा जलव्यवस्थेच्या इतिहासात विलीन न करता स्वतंत्रपणे अभ्यासल्या पाहिजेत.

२) या जागांवरील स्त्रीश्रम दोन मार्गांनी अदृश्य झाला. घरगुती धुणे ‘काम’ मानले गेले नाही आणि व्यावसायिक धुण्यातील स्त्रीचा वाटा कुटुंबप्रमुखाच्या बलुत्यात वा व्यवसायात गणला गेला.

३) पाणवठा ही स्त्रियांच्या परस्परसंवादाची जागा होती, तशीच ती जातिभेदाचीही जागा होती. तिच्या इतिहासात या दोन्ही बाजू सोबतच मांडल्या पाहिजेत.

४) धुणे घरात आल्याने स्त्रियांचे चालणे व ओझे कमी झाले, परंतु श्रमविभागणी मूलतः बदलली नाही.

शिफारशी

नदीवर धुणे धुण्याचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्या स्त्रियांची पिढी आज वृद्धापकाळात आहे. पहूर व परिसरातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना इतिहास, भूगोल आणि मराठी या विभागांच्या संयुक्त प्रकल्पातून या स्त्रियांच्या मुलाखती घेता येतील. डोहांची नावे, धुण्याच्या जागा, कोणी कोठे बसावे याचे नियम, साधनांची बोलीतील नावे आणि परीट कुटुंबांतील कामाची वाटणी यांची नोंद त्यात व्हावी. वाघूरच्या पात्राच्या नकाशावर ही माहिती चढवल्यास सरकारी नकाशात नसलेला एक नकाशा तयार होईल. मुलाखतीत सर्व जातिधर्मांच्या स्त्रियांचा समावेश असणे अत्यावश्यक आहे, अन्यथा जुनी उतरंड नव्या नोंदवहीतही उतरेल.

खानदेशाला या बाबतीत एक मोठा दाखला उपलब्ध आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनी शेतात व घरात काम करताना रचलेली कविता त्यांचे पुत्र सोपानदेव व इतर आप्तांनी टिपून ठेवली आणि १९५२ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. आज जळगाव येथील विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. घरातील कोणी ते शब्द वेळीच उतरवून घेतले नसते, तर ही कविता मागे राहिली नसती. वाघूरकाठच्या स्त्रियांचे ज्ञान सध्या त्याच टप्प्यावर आहे. त्याची नोंद घेण्यासाठी फार मोठ्या निधीची आवश्यकता नाही, परंतु वेळ थोडा उरला आहे.